मोटारीचा हॉर्न : तारायंत्राचा एक वारसदार

रत्नागिरी शहरातून निघालेली गाडी बारा-तेरा किलोमीटर अंतर तोडून हातखंब्याच्या तिठ्यावर आली, की तिच्यापुढे दोन वाटा येतात. डावीकडची निवळी, संगमेश्वर, चिपळूण करीत मुंबईला जाते. उजवीकडची पालीला पोचते आणि तिथे पुन्हा दुभंगते. एक फाटा लांजा-राजापूरवरून गोव्याकडे निघतो, तर दुसरा नाणीज, साखरपा करीत आंबा घाट चढून कोल्हापूर गाठतो. मुंबई-गोवा रस्त्याचा क्रमांक पूर्वी सतरा होता. २०१० साली नवे क्रमांक लागले तेव्हा तो सहासष्ट झाला. कोल्हापूरचा दोनशे चार होता, तो एकशे सहासष्ट झाला. क्रमांक बदलले, रस्ता रुंदावत गेला. पण घाटातला रस्ता तो घाटातलाच. एका अंगाला दरड, दुसऱ्या अंगाला उतार आणि मध्ये वळण. वळणापलीकडून काय येत आहे हे डोळ्यांना दिसत नाही. तिथे माणसाला कानांनी पाहावे लागते, आणि समोरच्याच्या कानांपर्यंत आपली वर्दी पोचवण्याचे काम हॉर्न करतो.

वाचकहो, हा हॉर्न ऐन वेळी वाजेनासा झाला तर काय करावे, असा साधा प्रश्न आज घेतला आहे. इतिहासाच्या लेखात ही गॅरेजमधली गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. त्याला उत्तर असे, की जुन्या मोटारीचा हॉर्न ज्या तारांच्या जोडणीवर चालतो, त्या जोडणीतला जवळजवळ प्रत्येक भाग कोणत्या ना कोणत्या काळी, कोणती ना कोणती अडचण सोडवण्यासाठी जन्मला आहे. त्यातले बहुतेक भाग मोटारीच्याही आधीचे, तारायंत्राच्या काळातले आहेत. कोणता भाग कशासाठी आला हे ज्याला ठाऊक आहे, त्याला तो भाग बिघडला म्हणजे काय होईल हेही सांगता येते. ज्याला ते ठाऊक नाही, तो एकामागून एक नवे भाग विकत आणतो आणि शेवटी नशिबाला दोष देतो.

वाटेवर वर्दी देण्याची रीत मोटारीहून फार जुनी. बैलगाडीच्या बैलांच्या गळ्यातली घुंगुरमाळ नुसती हौसेची नव्हती. अरुंद पाणंदीत समोरून येणाऱ्या गाडीवानाला ती आधीच ऐकू यावी, हाही तिचा एक उपयोग. टपाल घेऊन रानावनातून धावणारे हरकारे घुंगरांची काठी बाळगीत. पुढे विलायतेत वाफेच्या गाड्या रस्त्यावर आल्या, तेव्हा लोकांची आणि घोड्यांची इतकी धांदल उडाली, की १८६५ साली तिथे कायदाच झाला : अशा गाडीच्या साठ यार्ड पुढे एका माणसाने लाल निशाण घेऊन चालावे. गाडीचा वेग गावात ताशी दोन मैल आणि बाहेर चार मैल. १८९६ साली कायदा बदलला, माणसाची पायपीट सुटली. पण गाडीवर घंटा किंवा वर्दी देणारे तसेच काही साधन असले पाहिजे, अशी अट आली. निशाणवाल्याची जागा आवाजाने घेतली ती अशी.

पहिला आवाज फुग्याचा. पितळेचा कर्णा, त्याच्या तोंडाशी पातळ धातूची जीभ आणि मागे रबरी फुगा. फुगा दाबला की वारा जिभेवरून जातो आणि ‘पों पों’ असा आवाज होतो. हा भोंगा आपल्याकडच्या जुन्या गाड्यांवर ड्रायव्हरच्या उजव्या हाताशी कितीतरी वर्षे टिकला. त्याचे कारण उघड आहे. त्यात बॅटरी नाही, तार नाही. बिघडायचे तर फुगा फाटेल तेवढेच. परंतु गाड्यांचा वेग वाढला, इंजिनाची घरघर वाढली आणि हा आवाज अपुरा पडू लागला. मग माणसाने विजेकडे पाहिले. त्या वेळी विजेकडे पन्नास-पाऊणशे वर्षांचा तयार माल होता.

तो माल कसा जमला हे थोडक्यात पाहू. १८०० साली इटलीत व्होल्टाने पहिली विजेची बॅटरी केली. १८२० साली डेन्मार्कच्या ओर्स्टेडला दिसले, की तारेतून वीज वाहू लागली म्हणजे शेजारची होकायंत्राची सुई हलते. १८२५ साली इंग्लंडात स्टर्जनने लोखंडाभोवती तार गुंडाळून विजेचे लोहचुंबक बनवले. आणि यानंतरचा माणूस आपल्या शिक्षकबांधवांनी विशेष ध्यानात ठेवावा. अमेरिकेतील ऑल्बनी गावच्या एका शाळेत गणित आणि सृष्टिविज्ञान शिकवणारा जोसेफ हेन्री. १८३१ साली त्याने आपल्या शाळेतल्या खोलीच्या भिंतींवरून मैलभर तार फिरवली, एका टोकाला बॅटरी लावली, दुसऱ्या टोकाला लोहचुंबक आणि घंटा. इकडे तार जोडली की तिकडे घंटा वाजे. हॉर्नचा मूळ पुरुष शोधायचा तर तो इथे, शाळेच्या खोलीत सापडतो. पुढच्या वीसएक वर्षांत युरोपातल्या कारागिरांनी या घंटेला अशी पट्टी बसवली, की ती घंटा वाजवता वाजवता आपला विजेचा रस्ता आपणच तोडी आणि पुन्हा जोडी. घरोघरची ‘ट्रिंग’ करणारी विजेची घंटा ती हीच.

याच हेन्रीने १८३५ च्या सुमारास आणखी एक युक्ती केली. दूरवरून आलेला प्रवाह अशक्त झालेला असतो. त्याच्याकडून जड काम होत नाही, पण एखादी हलकी पट्टी तो ओढू शकतो. त्या पट्टीने जवळच्या ताज्या बॅटरीचा रस्ता उघडावा आणि जड काम तिने करावे. तारायंत्राने ही युक्ती उचलली आणि तिला ‘रिले’ म्हटले. रिले म्हणजे वाटेतल्या टप्प्यावर दमलेले घोडे सोडून ताजे घोडे जोडणे. आपल्याकडे ‘डाक’ या शब्दाचा मूळ अर्थही तोच : टप्प्याटप्प्यावर माणसे किंवा घोडे बदलीत केलेला प्रवास. मोटारीच्या बोनेटखाली पत्र्याच्या डबीत जो रिले बसलेला असतो, तो म्हणजे विजेची डाकचौकीच समजा.

तिसरी गोष्ट जर्मनीतली. १८३८ साली स्टाइनहाइल हा शास्त्रज्ञ रेल्वेच्या रुळांचा तारेसारखा उपयोग होतो का, हे पाहात होता. रुळातली वीज जमिनीत जाते, असे त्याला आढळले. दुसरा कोणी हिरमुसला असता. त्याने उलट विचार केला. जमीन वीज नेते ना, मग परतीची तार हवीच कशाला? जाताना एक तार, येताना पृथ्वी. निम्मी तार वाचली. मोटारीत पृथ्वी कुठून आणणार? म्हणून तिथे पृथ्वीचे काम गाडीच्या लोखंडी सांगाड्याला दिले, आणि शब्द मात्र तोच राहिला. आजही मिस्त्री ‘बॉडीला अर्थ दे’ म्हणतो, तेव्हा तो नकळत तारायंत्राची भाषा बोलत असतो.

तारायंत्र आपल्या देशातही लवकर आले. कलकत्त्याच्या वैद्यक महाविद्यालयात रसायन शिकवणारे डॉक्टर ओशॉनेसी यांनी १८३९ सालीच तिथे तारेचे प्रयोग केले होते. पुढे १८५० नंतर सरकारी तारांचे जाळे देशभर पसरत गेले. मुंबईच्या गिरणीत पोट भरणाऱ्या चाकरमान्याच्या कोकणातल्या घरी ‘तार आली’ एवढे म्हटले, तरी वाचण्याआधीच रडारड सुरू होई. ती तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली. पण तारायंत्राची कळ, त्याचा रिले, त्याची ‘अर्थ’ आणि त्याचे लोहचुंबक ही चारही मंडळी जुन्या गाडीच्या हॉर्नमध्ये अजून नांदत आहेत.

ही मंडळी मोटारीत आणण्याचे काम अनेकांनी केले. त्यांतला एक मोठा गमतीचा. अमेरिकेच्या मिलर रीस हचिसनने आधी बहिऱ्यांसाठी विजेचे श्रवणयंत्र केले. इंग्लंडच्या ॲलेक्झांड्रा राणीनेही ते वापरले. याच गृहस्थाचा कर्कश ‘क्लॅक्सन’ हॉर्न १९०८ साली बाजारात आला. त्यात विजेची लहान मोटार एक दातेरी चाक फिरवी आणि ते चाक पोलादी पडद्यावरच्या खुंटीला घासत जाई. श्रवणयंत्राला गिऱ्हाईक मिळावे म्हणून याने हॉर्न काढला, अशी थट्टा लोक करीत. पहिल्या महायुद्धात खंदकांमध्ये विषारी वायूची वर्दी द्यायलाही क्लॅक्सन वाजवले गेले. परंतु दातेरी चाक झिजणारे, किमतीला भारी. १९२१ साली जर्मनीच्या बॉश कंपनीने हेन्रीच्या घंटेच्या वळणाचा, थरथरणाऱ्या पडद्याचा हॉर्न आणला. त्यानंतर जगभर मुख्यतः याच जातीचे हॉर्न रूढ झाले.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली डॉज, फार्गो अशा नावांच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. त्याच सुमारास महिंद्र कंपनीने विलीजची जीप मुंबईत जुळवायला घेतली, आणि १९६५ पासून हलक्या मालगाड्याही काढल्या. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर सरकारी एस.टी. धावली. १९५८ मध्ये बजाज टेम्पोची तीनचाकी आली आणि तिचे नाव इतके रुळले, की पुढे कोणत्याही लहान मालगाडीला लोक टेम्पोच म्हणू लागले. कोकणात पूर्वी माल आणि माणसे आगबोटीने जात, आणि पावसाळ्यात त्या बंद असत. कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली ती १९९८ च्या जानेवारीत. मधल्या काळात आंब्याच्या पेट्या, कौले, तांदूळ, नवरानवरी आणि आजारी माणूस, सगळ्यांचा भार या जीप-पिकअपांनी आणि ट्रकांनी वाहिला. त्यांतल्या काही गाड्या अजून कोणी हौसेने, कोणी गरजेने राखून आहेत. आपल्याला काम आहे ते त्यांच्या हॉर्नशी.

अशा गाडीच्या हॉर्नच्या डबीत काय असते? मध्ये लोखंडी गाभ्यावर तांब्याच्या तारेची गुंडाळी, समोर पोलादी पडदा, पडद्याला चिकटलेला लोखंडाचा तुकडा आणि दोन बारीक पॉइंट. बटण दाबले की गुंडाळीत वीज येते, गाभ्याचे लोहचुंबक होते, ते तुकड्याला ओढते, बरोबर पडदाही ओढला जातो. ओढला जाताच तो पॉइंट उघडतो. वीज तुटते, चुंबक सोडते, पडदा मागे येतो, पॉइंट मिटतात, पुन्हा वीज येते. असे सेकंदाला साडेतीनशे-चारशे वेळा घडते, तेव्हा आपल्याला एक सलग सूर ऐकू येतो. पॉइंट जळून खरखरीत झाले किंवा त्यांचे अंतर बिघडले, तर विजेची काहीच चूक नसताना हॉर्न घोगरा होतो.

जोडणीचे दोन प्रकार. जुन्या जीपमध्ये बॅटरीकडची तार थेट हॉर्नच्या एका टोकाला येते. तिथे वीज सदैव हजर. दुसऱ्या टोकाची तार स्टेअरिंगच्या नळीतून वर बटणापर्यंत जाते. बटण दाबणे म्हणजे ती तार बॉडीला टेकवणे. म्हणजे बटण वीज देत नाही, परतीची वाट मोकळी करते. दुसरा प्रकार रिलेचा. दोन मोठे हॉर्न लावले की प्रवाह वाढतो, आणि स्टेअरिंगच्या नळीतली बारीक तार आणि बटण त्याला पुरे पडत नाहीत. म्हणून बटणाकडून फक्त रिलेची हलकी पट्टी हलवायची, आणि जाड तारेतला मोठा प्रवाह रिलेने हॉर्नला द्यायचा. इथे हॉर्नला एकच तार असते. परतीची वाट त्याच्या पट्टीतून, बोल्टातून, बॉडीतून.

जुन्या गाड्यांबद्दल आणखी एक गोष्ट जाणून असावी. पन्नाशीपूर्वीच्या कित्येक गाड्या सहा व्होल्टच्या. त्यातही विलीजच्या जीपला बॅटरीची ऋण बाजू बॉडीला, तर डॉज-फार्गोच्या गाड्यांना धन बाजू बॉडीला. हॉर्नला याचे काही वाटत नाही, कारण लोहचुंबक लोखंडाला दोन्ही बाजूंनी ओढते. पण बॅटरी बदलणाऱ्याने गाडीचे पुस्तक पाहिल्याशिवाय हात लावू नये. उलटी बॅटरी डायनमोला बाधते.

सहा व्होल्टचा खरा त्रास निराळाच, आणि तो कोकणात जास्त. समजा, एका हॉर्नला बारा व्होल्टवर पाच अँपिअर लागतात. तितकीच ताकद सहा व्होल्टवर हवी, तर दहा अँपिअर लागतील. म्हणजे पहिल्या हॉर्नचा अडथळा २.४ ओहम, दुसऱ्याचा ०.६ ओहम. आता एखाद्या बोल्टाखाली गंज बसला आणि त्याने ०.३ ओहम अडथळा केला. ढोबळ हिशेबाने बाराच्या गाडीत एक नवमांश दाब त्या गंजात जाईल. सहाच्या गाडीत एक तृतीयांश. तोच गंज, तेवढाच गंज. एक हॉर्न किंचित उतरेल, दुसरा कण्हू लागेल. वरच्या इयत्तांतल्या शिक्षकांनी हे उदाहरण फळ्यावर अवश्य घालावे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि बाराही महिने खारी हवा. इथे गाडीच्या ‘पृथ्वी’लाच गंज चढतो.

आता निदानाकडे वळू. वैद्य जसा आधी लक्षण विचारतो, तसे आपणही विचारावे. हॉर्नची दुखणी चार : तो मुका होतो, घोगरा होतो, तोतरा होतो किंवा बडबड्या होतो. मुका म्हणजे आवाजच नाही. घोगरा म्हणजे आवाज आहे पण दबलेला. तोतरा म्हणजे नुसता ‘टक्’ आणि पुढे काही नाही, किंवा कधी वाजतो, कधी नाही. बडबड्या म्हणजे बटण सोडले तरी थांबत नाही. लक्षण नीट ऐकले की अर्धी वाट सरते.

साधने थोडी लागतात. होल्डरमध्ये बसवलेला एक दिवा आणि त्याला दोन लांब तारा. दिवा गाडीच्या व्होल्टचाच असावा. एक जाड तार, तिच्यात फ्यूज घातलेला. पॉलिश पेपर, पाने, आणि ज्याला आपल्याकडे गॅरेजात डिसमिस म्हणतात तो स्क्रू-ड्रायव्हर. आधी इंजिन बंद करावे, कारण हॉर्न बहुधा पंख्याजवळच असतो. चाकाला दगड लावावा, हातातली अंगठी आणि कडे काढून ठेवावे. बॅटरीच्या जिवंत टोकाला आणि बॉडीला अंगठीचा एकदम स्पर्श झाला, तर क्षणात बोट भाजते.

पहिली पायरी बॅटरीची. मोठे दिवे लावून पाहावेत. दिवेही मंद असतील तर हॉर्नला बोल लावू नये. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी-हिरवी पूड साफ करावी, आणि बॅटरीपासून बॉडीला जाणारी पट्टी घट्ट आहे का पाहावे. दुसरी पायरी फ्यूजची. फ्यूज गेला असेल तर नवा घालावा. पण तोही लगेच गेला, तर कुठेतरी तार उघडी पडून बॉडीला टेकते आहे असे समजावे. फ्यूजच्या जागी जाड तार पिळून बसवणे म्हणजे राखणदार काढून चोराला वाट देणे होय. अशा उद्योगात गाड्या पेटतात.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि ती तारायंत्राच्या लाइनमनकडून शिकावी. शंभर मैलांच्या तारेत बिघाड झाला, तर पहिल्या खांबापासून प्रत्येक खांब चढत बसणे वेड्याचे काम. मधल्या ठाण्यावरून पाहावे : इथवर ठीक आहे की नाही? ठीक असेल तर अलीकडचा अर्धा भाग सुटला. उरलेल्याचे पुन्हा दोन भाग करावेत. हॉर्नच्या जोडणीतले मधले ठाणे म्हणजे रिले. जुन्या जीपमध्ये हॉर्नची स्वतःची दोन टोके.

जीपचे पाहू. दिव्याची एक तार बॉडीच्या स्वच्छ लोखंडाला आणि दुसरी हॉर्नच्या बॅटरीकडच्या टोकाला लावावी. बटण न दाबताही दिवा लागला पाहिजे. लागला नाही, तर वीज हॉर्नपर्यंत पोचतच नाही. मागे बॅटरीच्या दिशेने शोधत जावे. लागला, तर फ्यूज घातलेल्या तारेने हॉर्नचे दुसरे टोक बॉडीला टेकवावे. हॉर्न वाजला, तर तो निर्दोष आहे. दोष वरच्या बाजूला : स्टेअरिंगच्या नळीत तुटलेली तार, बटणाखालची गंजलेली पट्टी, किंवा खुद्द स्टेअरिंगच्या नळीला बॉडीचा नीट स्पर्श नसणे. तरीही न वाजला, तर हॉर्न उतरवून बॅटरीवर थेट लावून पाहावा.

रिलेच्या गाडीत जुन्या डबीवर बहुधा बी, एस आणि एच अशी तीन टोके असतात : बॅटरीचे, बटणाचे, हॉर्नचे. बटण दाबून कान द्यावा. ‘टक्’ असा आवाज आला, तर बटण आणि त्याची तार ठीक; दोष रिलेच्या पॉइंटपासून हॉर्नपर्यंत. आवाजच नाही, तर आधी बी टोकाला दिवा लावून वीज आहे ना हे पाहावे, मग एस टोक बॉडीला टेकवावे. हॉर्न वाजला, तर दोष बटणाकडचा. नाही वाजला, तर बी आणि एच ही टोके जाड तारेने जोडावीत. आता वाजला, तर रिले गेला. तरीही नाही, तर हॉर्न, त्याची तार किंवा त्याची ‘अर्थ’. तीन-चार स्पर्शांत सगळा मुलूख पालथा घालून होतो, आणि तोवर एक पैसाही खर्च झालेला नसतो.

दिव्याच्या बाबतीत एक फसगत सांगून ठेवतो. दिव्याला वीज थोडी लागते, हॉर्नला पुष्कळ. गंजलेल्या जोडातून दिव्यापुरती वीज जाते, दिवा ऐटीत लागतो, आणि हॉर्न मात्र वाजत नाही. म्हणून दिवा लावून ठेवून बटण दाबावे. दाबताच तो मंदावला, तर मधे कुठेतरी जोड कुजला आहे. ‘अर्थ’ तपासायची असेल, तर एक तार हॉर्नच्या डबीला, दुसरी बॅटरीच्या बॉडीकडच्या टोकाला लावावी आणि बटण दाबावे. परतीची वाट मोकळी असेल तर दिवा लागणार नाही. लागला, तर वीज परत जायला धडपडते आहे आणि तिला वाट मिळत नाही, असे समजावे. गाडीला नवा रंग दिल्यावर हॉर्न बंद पडतो तो कित्येकदा याच कारणाने : बोल्टाखाली रंग बसलेला असतो. तिथला रंग खरवडून लोखंड उघडे करावे, बोल्ट आवळावा आणि वरून थोडे ग्रीस लावावे.

बडबड्या हॉर्नला आधी गप्प करावे : फ्यूज काढावा किंवा तार सोडवावी. मग शोधावे. बहुधा स्टेअरिंगच्या नळीतली तार घासून उघडी पडलेली असते, किंवा रिलेचे पॉइंट वितळून चिकटलेले असतात. घोगऱ्या हॉर्नचे सर्व जोड निर्दोष निघाले, तर डबीवरचा जुळणीचा स्क्रू पाव आटा फिरवून पाहावा. पाव आट्याहून अधिक एका वेळी नाही, आणि मूळ जागेवर खूण करून. हॉर्न बॉडीला घट्ट दाबून बसवू नये; तो आपल्या लवचीक पट्टीवर मोकळा थरथरला पाहिजे.

हे सगळे वाचून एखादा बागायतदार म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? नवा हॉर्न आणून लावावा. आणावा, पण बिघाड बोल्टाखालच्या गंजात असेल, तर नवा हॉर्नही मुकाच राहील. मग नवे बटण, मग नवी तार. आंब्याचा हंगाम चार दिवसांचा. गाडी गॅरेजात आणि पेट्या अंगणात. शिवाय खरे संकट पैशाचे नाही. हॉर्न नसलेली गाडी दिवसभर बिनबोभाट चालते, आणि म्हणूनच दुरुस्ती उद्यावर जाते. ब्रेक गेला तर माणूस गाडी हलवीत नाही. हॉर्न गेला तर हलवतो. मग आंबा घाटाच्या एखाद्या वळणावर, समोरून माल भरलेला ट्रक येत असताना, त्या एका क्षणी त्याची गरज लागते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. हॉर्न दुरुस्त झाला म्हणजे तो वाजवीत सुटावे असे नाही. मोटारींचा कायदा आपल्या देशात १९१४ साली झाला, १९३९ साली नवा आला, पुन्हा १९८८ साली. ट्रकांच्या पाठीवरचे ‘हॉर्न ओके प्लीज’ हे शब्द महाराष्ट्रात २०१५ च्या एप्रिलमध्ये बंद केले गेले, कारण ते विनाकारण हॉर्न वाजवायला आमंत्रण देत. २०१९ च्या दुरुस्तीने विनाकारण हॉर्न वाजवणाऱ्याला पहिल्या वेळी एक हजार आणि पुढे दोन हजार रुपये दंड ठेवला. इस्पितळ, शाळा, न्यायालय यांच्या भोवती शांतता क्षेत्र असते. जिथे सगळेच सदासर्वदा हॉर्न वाजवतात, तिथे खरी वर्दी कोणाच्याच कानात शिरत नाही. वळणावर एकदा, स्पष्ट, आणि मग वेग कमी. हॉर्न ब्रेकचे काम करीत नाही.

शिक्षकांना शेवटी एक विनंती. एक मोठा खिळा, वार्निश लावलेली थोडी तांब्याची तार, टॉर्चचे सेल आणि डब्याच्या पत्र्याची एक पट्टी एवढ्यावर हेन्रीची घंटा वर्गात करता येते. पट्टी खिळ्याकडे ओढली जाताना आपलाच विजेचा रस्ता तोडील अशी बसवली, की ती गुणगुणू लागते. ती चालू झाली, की मुलांना बाहेर पाठवा आणि एक जोड गुपचूप ढिला करा. मग त्यांना आत बोलवा आणि दोष शोधायला सांगा; मात्र हात लावण्याआधी प्रत्येकाने सांगितले पाहिजे, की तो कुठे पाहणार आणि का. अंदाजाने तारा ओढणारा मुलगा आणि मधल्या ठाण्यापासून विचार करणारा मुलगा यांतला फरक तुम्हाला तासाभरात दिसेल. आणि ज्यांच्या दारात जुनी गाडी उभी आहे, त्यांनी मृगाच्या आधी एकदा बॅटरीची टोके, फ्यूज आणि हॉर्नचा बोल्ट एवढे तरी साफ करून घ्यावे. काम अर्ध्या तासाचे आहे.